आत्याबाईंचे गाणे आणि दोन घड्याळे

गेल्या वैशाखात श्रीवर्धनास सारे कुटुंब जमले, तेव्हा आत्याबाईंचे गाणे एकदा नीट उतरवून ठेवावे असे ठरले. त्यांचे वय ८६. दम पुरत नाही, परंतु सूर अद्याप जागच्या जागी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतल्या बहुतेक पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, तेव्हापासून 'पुढे पाहू' असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस उरलेले नाही.

माजघरात बैठक मांडली. चित्र मोबाईलवर घ्यावयाचे. पण आवाज त्याच्या हवाली करण्यास आमचे चिरंजीव राजी नव्हते, आणि ते योग्यच होते. गाणारी व तबला दोन्ही दिसावीत म्हणून मोबाईल दहा-बारा हात दूर ठेवावा लागतो, व तेथून त्यास समुद्राची गाजही गाण्याइतकीच ऐकू येते. शिवाय मोठा आवाज तो आपण होऊन दाबतो, लहान फुगवतो. ख्यालाचे चढउतार सपाट होऊन जातात. म्हणून निराळा ध्वनिमुद्रक आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवला. तंबोरा सुरू झाला, आणि चाळीस मिनिटे कोणी जागचे हलले नाही.

दुसऱ्या दिवशी संगणकावर दोहोंची सांगड घालू लागलो, तो ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे! सिनेमावाले चित्रणाच्या आरंभी पाटीवरची फळी आपटतात ती याचसाठी. फळी मिटल्याचे चित्र आणि तिचा 'खट्' एकमेकांवर बसवले की झाले. आम्ही साधी टाळीही वाजवली नव्हती. चिरंजीव म्हणाले, "आत्याआजी, ध्वनिमुद्रण लावतो, त्यावर तुम्ही नुसते ओठ हलवा. सिनेमात १९३५ च्या 'धूप छाँव'पासून हेच चालते."

"गाणे माझे, आणि त्याचे सोंगही मीच आणू?" आत्याबाई म्हणाल्या. "नसेल जुळत तर टाकून द्या हो ते."

पुन्हा चाळीस मिनिटे गाणे तर त्यांच्याने होणारच नव्हते.

अखेर आठवण झाली ती सूनबाईंना. आरंभी तबला मिळवताना हातोडी गजऱ्यावर पडली होती, आणि दोन्ही यंत्रे तेव्हा चालू होती! तो ठोका धरून विलंबित बिनचूक बसले. पण द्रुतात समेचा हात आधी पडावा व आवाज मागून यावा असे होऊ लागले. कारण प्रत्येक यंत्र आपल्या पोटातल्या स्फटिकाच्या घड्याळावर काळ मोजते, आणि दोन घड्याळे एक कधी नसतात (आमच्या घरची तर नाहीतच). लाखात पाच भागांचे अंतर म्हटले तरी २४०० सेकंदांत ते ०.१२ सेकंद होते. सेकंदास २५ चित्रे धरली तर तीन चित्रांचा फरक. तिहाईची शेवटची थाप दोहोंत शोधून आवाज तेवढाच आवळला. सुरात कानास कळेल असा फरक पडत नाही. येत्या गणपतीत आरंभी एक व शेवटी एक अशा दोन टाळ्या वाजवावयाच्या, हे आम्ही लिहूनच ठेवले आहे.

रात्री आत्याबाईंना सारे दाखविले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अंतऱ्यात दम तुटला, तो दिसतो आहे."

"तेवढे कापता येईल," चिरंजीव म्हणाले.

"राहू दे. पुन्हा पहिल्यापासून लाव."