गव्याच्या पायाखालची जमीन

मातीचा बैल कोल्हापूरकडच्या माणसाच्या बोटांतच असतो. बेंदराच्या आधी कुंभारवाड्यात बैलजोड्या वाळत पडलेल्या असतात. त्या बघत वाढलेल्या हाताला वशिंड कुठं आणि केवढं, हे शिकवावं लागत नाही. म्हणूनच गवा करायला घेतला की बोटं आधी बैलाकडे ओढ घेतात. खांद्यावर माती चढत जाते आणि बघता बघता तिचं वशिंड होऊ लागतं. गव्याला तसलं वशिंड नसतं. त्याच्या खांद्यापासून एक उंच धार निघते, पाठीच्या मध्यापर्यंत चालत येते आणि तिथं कडा तुटावा तशी एकदम खाली उतरते. सगळा गवा त्या रेषेत आहे. ती साधली तर जनावर रानातलं, हुकली तर गोठ्यातलं.

राधानगरी-दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. तिथं कडेच्या झाडोऱ्यातून गवा बाहेर येतो तेव्हा आधी दिसतं ते काळंभोर अंग, मग कपाळावरची राखाडी झाक आणि शेवटी गुडघ्याखालचे पांढरट पाय. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, आणि त्या देहाखाली हे एवढेसे पाय! रानात ते सहज पेलतात. शाडूत नाही पेलत. आत लोखंडी सळई घालावी लागते, माती धरावी म्हणून तिला सुतळी गुंडाळावी लागते. तरी पंचाईत उरतेच. माती वाळताना आक्रसते, सळई आक्रसत नाही, आणि तडा नेमका पायाला जातो. मातीत काथ्या मिसळायचा, ओलं फडकं टाकून तिला सावकाश वाळू द्यायचं. घाई केली की गवा गुडघ्यावर आलाच म्हणून समजा.

सळया खाली बैठकीत रोवलेल्या असतात, म्हणजे बैठक आधी आणि जनावर मागून. बहुतेकांना ती शेवटची सजावट वाटते. पॉलिश केलेली सागवानी फळी, समोर पितळी पट्टी, वर गवा. मला त्यात शिकारखान्याचा वास येतो. मुंडकी भिंतीवर टांगायची तीच हौस, फक्त इथं चार पायांसकट. शिवाय सपाट फळीवर चारही पाय सारखे टेकतात आणि जनावर फोटोला उभं राहिल्यासारखं दिसतं. त्याच्याखाली जांभ्याचा उतरता तुकडा ठेवून बघा. पुढचा एक पाय वर चढतो, त्या बाजूचा खांदा उचलला जातो, मान आपोआप वळते. आपण जमीन तिरकी केली, बाकीचं गव्यानं केलं.

दायमाबादच्या कारागिराला हे माझ्याआधी कितीतरी शतकं ठाऊक होतं. १९७४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या त्या गावी काशाची चार शिल्पं सापडली, सगळी मिळून साठ किलोंच्या वर. उत्तर हडप्पा काळातली मानली जातात. त्यांतला गेंडा चाकांवर उभा आहे. हत्तीच्या पाटाखालीही आस घालायची सोय आहे. ती मिरवणुकीसाठी होती की आणखी कशासाठी, यावर अभ्यासक खुशाल भांडोत. मला एवढंच दिसतं, की त्या माणसाला गेंडा फळीवर मांडून ठेवायचा नव्हता, चालवायचा होता. ओतकामाइतकंच डोकं त्यानं पायाखालच्या भागावर चालवलं.

जांभ्याची एक कटकट मात्र आहे. तो झडतो. टेबलावर तांबडी भुकटी साचते, घरातले कुरकुरतात, आणि आलेला प्रत्येक जाणकार सल्ला देतो, ‘वरून एक लॅकरचा हात मारा की!’ मी मारत नाही. सड्यावरचा दगड एवढा गुळगुळीत केला तर गवा घसरेल त्याच्यावरून.