तुंगभद्रेवरील टोपली

2011 सालच्या पौषात आम्ही सहकुटुंब हंपीस गेलो होतो. विठ्ठलमंदिरातील दगडी रथ पाहून झाल्यावर पलीकडे आनेगुंदीस जावे, असा बेत ठरला. तळवारघट्टाजवळ बांधीत असलेला पूल 2009 साली कोसळलेला. तेव्हा तुंगभद्रा ओलांडावयाची ती हरिगोलातूनच. हरिगोल म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, घमेल्यासारखी वाटोळी नाव. तिला ना नाळ, ना वरामा.

घाटावर उतारू खोळंबले होते. नावाडी मात्र टोपली पालथी घालून तिच्या बुडावर अंगठा फिरवीत बसला होता. डांबराला केसाएवढी चीर पडली होती. तेवढ्यासाठी सकाळची कमाई बुडवणाऱ्या त्या म्हाताऱ्यास लोक नाना प्रकारे बोलत होते. आमच्या कुटुंबासही उशिराचा त्रागा आला होता. तो मोडक्या हिंदीत एवढेच म्हणाला, "स्वामी, बांबू पाणी अडवीत नाही."

मग त्याने चिरेभोवतीचे डांबर खरवडून काढले. खालचे प्लास्टिकचे कापड खडकावर घासून विरले होते. त्यावर नवा तुकडा ठेवला, तो चांगला वीतभर मोठा आणि किंचित सैल. ताणून का बसवीत नाही, असे आम्ही विचारले. त्याने टोपलीचा काठ दोन्ही हातांनी दाबून दाखविला; सारे विणकाम लवले. आवरण घट्ट असते तर ते तेथेच फाटले असते. डब्यात डांबर वितळत होते. ते फार कढत असेल तर कापड जळते, निवाले तर चिकटत नाही. म्हणून तो काडीने थेंब उचलून पुनःपुन्हा पाही. आम्ही आयुष्यभर मुलांना संधिनियम शिकविले, परंतु सांधा जुळविताना इतका धीर आम्हांस क्वचितच राहिला असेल.

पूर्वी हे आवरण चामड्याचे असे. सन 1520 च्या सुमारास विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाइश ह्या पोर्तुगीजाने आत वेत, बाहेर कातडे, पंधरावीस माणसे नेणाऱ्या आणि सतत गरगरणाऱ्या अशाच नावांचे वर्णन केले आहे. 1803 साली मराठ्यांवर चालून येताना वेलस्लीनेही नद्या उतरण्यासाठी कातडे चढविलेल्या टोपल्या करविल्या होत्या. आमच्या आजीने पखालीचे पाणी कधी उंबऱ्याआत येऊ दिले नाही. त्या संस्कारामुळे, आता कातडे नाही, हे ऐकून आम्हांस प्रथम बरेच वाटले. मागाहून लाज वाटली. ज्यांनी ती कातडी कमावली, शिवली, त्यांच्या हातच्या कामावर भरवसा ठेवून सारी राजधानी नदी उतरत होती. आणि आम्ही सोवळ्याचा विचार करीत होतो!

तासाभराने डांबर निवले. उतारूंना वाटोळे बसवून, वजन सारखे करून, त्याने वल्हे पाण्यात घातले. टोपली एक गिरकी घेऊन निघाली. बूड वीतभरही बुडत नसल्याने खडकांवरून ती अलगद सरके. आमच्या कुटुंबाने तळावर हात टेकला आणि चटकन मागे घेतला. खालून वाहणारे पाणी तळव्यास कळत होते. नवे ठिगळ नेमके आमच्या पायांपाशी होते. तेथे ओल आली नाही.

आनेगुंदीच्या काठी उतरल्यावर आम्ही ठरल्यापेक्षा अधिक पैसे पुढे केले. त्याने ठरलेले तेवढे घेतले, टोपली पालथी घातली आणि पुन्हा अंगठा फिरवावयास लागला.