पाणपोईवरची अक्षरे

उमऱ्याहून परतताना आम्ही तीन दिवस इस्तंबूलला थांबलो. हे, मी आणि नववीतली आमची मुलगी. टूरची बस नको, आपले आपण फिरू, असे ठरवले होते. आधार होता एका छोट्या इंग्रजी गाईडबुकचा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत ते मिळाले होते. पर्समध्ये मावेल एवढे, मागे घडीचा नकाशा आणि टिपणांसाठी चार कोरी पाने.

पुस्तक जुने होते. त्यात आयासोफ्या अजून संग्रहालयच होते; २०२० पासून तिथे पुन्हा नमाज होते. तिकिटांचे दर तर विचारूच नका. पण रस्ते जागच्या जागी होते. ट्रामने एमिनोन्यूला उतरायचे, धक्क्यावरून बोट पकडायची, की थोड्याच वेळात पलीकडे उस्कुदार, म्हणजे आशिया! नकाशा मुलीच्या हातात दिला आणि आम्ही दोघे तिच्या मागे चालू लागलो.

पाट्या रोमन लिपीत, तरी शब्द ओळखीचे निघत. साबणाला साबुन, दुकानाला दुक्यान. 'डेफ्टर' म्हणजे वही, हे कळल्यावर तिला आपले दप्तर आठवले आणि ती खूप हसली.

दुसऱ्या दिवशी तोपकापी राजवाड्याच्या दाराशी एक देखणी वास्तू दिसली. चारही बाजूंना नळ, कोपऱ्यांत जाळीच्या खिडक्या. सुलतान अहमद तिसरा यांनी १७२८ मध्ये बांधलेली ही पाणपोई, आपल्या भाषेत सबील. पुस्तकात तिच्यावर दोनच ओळी होत्या. भिंतीवर मात्र अक्षरेच अक्षरे! मी एकेक शब्द लावून मोठ्याने वाचू लागले. लिपी ओळखीची, भाषा तुर्की. 'दुआ', 'खान', 'अहमद' एवढेच पदरात पडले.

शेजारी उभा असलेला एक तरुण थबकला. "तुम्हाला हे वाचता येतं?" त्याने इंग्रजीत विचारले. मी पुन्हा वाचले, तो कान देऊन ऐकू लागला आणि अर्थ सांगू लागला. पाणी पिणाऱ्याने सुलतानासाठी दुआ करावी, असा आशय होता. मला वाचता येत होते, समजत नव्हते. त्याला समजत होते, वाचता येत नव्हते. १९२८ मध्ये तुर्कस्तानने लिपी बदलली. त्याच्या पणजोबांना हे दगड वाचता येत, त्याला नाही.

त्याने एक गोष्टही सांगितली. सुलतानाने स्वतः रचलेल्या ओळीतून अब्जदने बांधकामाचे साल निघायला हवे होते, पण बेरीज ११३७ हिजरीच भरली, चार कमी. तेव्हा एका शायराने सुरुवातीला 'अच', म्हणजे 'उघड', हा शब्द जोडला. मी बोटांवर मोजले. अलिफचा एक, 'चे' जीमसारखा धरून तीन. झाले ११४१! गोष्ट त्याला ठाऊक होती, हिशेब मात्र त्याने प्रथमच पाहिला.

संध्याकाळी बोटीत मुलगी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अम्मी, नानीची पत्रं मलाही वाचता येत नाहीत ना?"

मला उत्तर सुचले नाही. वीस वर्षे मी लोकांच्या मुलांना उर्दू शिकवते. स्वतःच्या मुलीला इंग्रजी माध्यमात घातले. उर्दू घरी शिकवू, पुढच्या सुट्टीत शिकवू, असे म्हणत राहिले. कुरआन ती अरबीत वाचते, मराठी शाळेत शिकते. पण माझ्या आईने उर्दूत लिहिलेली पत्रे ट्रंकेत तशीच होती. ती जाऊन सहा वर्षे झाली.

मी पर्समधून पेन काढले. गाईडबुकच्या कोऱ्या पानावर तिच्या अरबीत नसलेली अक्षरे लिहिली: पे, टे, चे, डाल. बोट हलत होती, म्हणून अक्षरेही वाकडी आली. तिने खाली तशीच वाकडी गिरवली.

घरी आल्यावर रमजानपूर्वी तिने नानीचे पहिले पत्र लावले. अर्धा तास लागला. त्यात खास काही नव्हते. कैरीचे लोणचे पाठवते आहे, बरणी उन्हात ठेवू नकोस, एवढेच. तिने ते दोनदा वाचले.

अजून ती अडखळते. पण "अम्मी, हा कोणता शब्द?" अशी हाक स्वयंपाकघरात रोज एकदा तरी येते, अलहमदुलिल्लाह.