दगडाची भिंत झाकायची की दाखवायची?

महाबळेश्वरात राहणाऱ्या माणसाला घराची दोन रूपे सांभाळावी लागतात, एक पावसाळ्यातले आणि एक सीझनमधले. मे महिना सरत आला की पावसाच्या बाजूला गवताच्या झडी बांधायच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांत गवत दाबून केलेला आडोसा. पाऊस गेला की त्या सोडायच्या आणि घराला पुन्हा उजेड दाखवायचा. आमच्या या डोंगरावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तर एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडला. मुंबईला वर्षभरात जेवढा पडतो त्याचा हा चौथा हिस्सा झाला! असा पाऊस अंगावर घेऊन उभे असलेले घर सजवायचे म्हटले तर मासिकातल्या रंगीत फोटोंचा फारसा उपयोग होत नाही.

आम्ही दोघेही याच कामातले. एकाच्या हातात रंगाचा डबा, तर दुसरी हॉटेलात खोल्या लावते. वीस वर्षे दुसऱ्यांच्या भिंती आणि दुसऱ्यांच्या चादरी नीट करण्यात गेली. स्वतःच्या घराकडे त्या नजरेने पाहायची वेळ आली ती मुलीच्या नर्सिंगच्या फीमुळे. बाहेरची खोली सीझनमध्ये पाहुण्यांना द्यावी, पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत रीतसर नोंद करावी, असे ठरले. खोली बारा बाय दहाची, वर कौले, खाली शहाबादी फरशी. पाहुणा दारात उभा राहिला तर त्याची नजर कुठे जाऊन थांबेल, हा पहिला प्रश्न.

हॉटेलातल्या कामात एक गोष्ट कळते. प्रत्येक खोलीत एखादीच चीज खरी देखणी असते, आणि बाकीच्या सामानाने तिच्या वाटेतून बाजूला व्हायचे असते. आमच्या खोलीत ती चीज म्हणजे समोरची जांभ्याची भिंत. दीड फूट जाडीची, मध्ये एक कोनाडा आणि बाजूला खोल खिडकी. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती सुट्टीच्या दिवसांत स्वतः रचली. दिवसभर दुसऱ्यांच्या बंगल्यांचे गवंडीकाम करायचे आणि उरल्या वेळात हे. कोनाड्यावरचा दगड त्यांनी किंचित कमानीसारखा घडवला आहे. त्या कमानीची गरज नव्हती, पण त्यांना ती हवी होती.

आईंना मात्र ही भिंत झाकायची होती. त्यांचे म्हणणे सरळ होते, “गिलावा करायला पैसा नव्हता म्हणून दगड उघडा राहिला. आता चार पैसे आलेत तर लोकांना काय दाखवता, आपली गरिबी?” शेजारच्या दोन घरांनी आतून चकचकीत टाईल लावली, वर पीओपीचे छत केले. आईंना तसेच हवे होते, आणि रंग पिस्ता!

भगिनींनो, हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात इथे साहेबांची वसाहत झाली. त्यांचे बंगलेही याच तांबड्या दगडाचे. साहेब उन्हाळ्यात यायचा, पाऊस लागला की खाली पुण्याला जायचा. बंगला गवतात गुंडाळून ठेवायचा आणि त्याची राखण करायला आपली माणसे वर राहायची. आज त्याच बंगल्यांच्या हॉटेलात उघडा जांभा दिसला तर त्याला हेरिटेज म्हणतात आणि भाडे वाढवतात. तोच दगड वस्तीतल्या घरात दिसला तर अपुरे बांधकाम! आईंचे आयुष्य या दुसऱ्या बाजूला गेले. त्यांना भिंत सुंदर आहे असे नुसते सांगून पटणार कसे?

म्हणून आम्ही सौंदर्याची गोष्ट बाजूला ठेवली आणि ओलीची काढली. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. पण तो अंगभर छिद्रांचा, पाणी पितो आणि उघडा असला तर सोडतोही. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑईलपेंट चढवला की आतली ओल कोंडते. एक-दोन पावसाळ्यांत फोड येतात, पापुद्रे सुटतात, खाली पांढरे मीठ फुलते. टाईलच्या मागे तर काय चालले आहे ते दिसतही नाही, वास मात्र येतो. ज्या दोन घरांचे आईंना कौतुक होते, त्यांपैकी एका घरात ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. कपाट पुढे ओढून मागची भिंत पाहिली. परत येताना आई काही बोलल्या नाहीत.

भिंतीचे काम तसे थोडेच. जुना चुना तारेच्या ब्रशने खरवडू नये, दगडाचा वरचा टणक थर निघतो आणि खालून माती झडू लागते. नारळाच्या काथ्याने, थोड्या पाण्याने, सावकाश घासावे. दरजांमधला भुगा झालेला माल काढून तिथे चुन्याचाच माल भरावा, सिमेंटचा नको. दगडापेक्षा दरज कडक झाली की दगडाची कड तुटते. वार्निश तर अजिबात नको. दुकानदार “दगड चमकेल” म्हणतो, पण चमकणारा जांभा ओल्या मटणासारखा दिसतो, हे आमचे मत. आणखी एक. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, त्यानंतर इथे खाणकामावर आणि बांधकामावर बंधने आली. इथला दगड पूर्वीसारखा सहज मिळत नाही. आहे ती भिंत जपणेच शहाणपणाचे.

केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) म्हणून मोठे वास्तुरचनाकार होऊन गेले. जन्माने इंग्रज, पण सारी हयात भारतात काढली. तरुणपणी मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली. पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून घर बांधावे, हा विचार तिथे मिळाला असे ते सांगत. त्यांनी विटांना गिलावा न करता शेकडो घरे बांधली, कारण गिलाव्याचे पैसे वाचतात आणि नीट रचलेली वीट दिसायलाही चांगली असते. आबांनी बेकरांचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. त्यांच्याकडे पाच मैलांच्या बाहेरचे आणायला पैसेच नव्हते.

सजावटीचा खर्च फार झाला नाही, कारण बरेचसे काम सामान काढण्याचे होते. शोकेस आत गेले, तीन कॅलेंडरांपैकी दोन उतरली, प्लॅस्टिकची फुले गेली. उरलेल्या तिन्ही भिंतींना पांढरा चुना, म्हणजे तांबडी भिंत एकटी उठून दिसते. समोरची ट्यूबलाईट काढली. ट्यूबचा उजेड समोरून सपाट पडतो आणि दगड मातीच्या ढिगासारखा दिसतो. त्याऐवजी भिंतीच्या कडेला खाली पिवळसर बल्ब लावला. उजेड आडवा गेला की प्रत्येक दगडावरच्या हत्याराच्या खुणा दिसतात. खिडकीच्या कट्ट्यावर गोधडीची घडी टाकली, बसायला जागा झाली. धुके खिडकीला टेकते तेव्हा पाहुणा पलंगावर बसत नाही, तिथेच बसतो.

तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर पूर्वी याच दगडावर होती. दर पावसाळ्यात काचेच्या आत बुरशीचे ठिपके यायचे. आता ती कोनाड्याशेजारच्या कोरड्या भिंतीवर आणली आणि चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, मागून वारा खेळतो. ओलीच्या गावात कुठलीही फ्रेम अशीच लावावी. कोनाड्यात सध्या फक्त आबांची करणी आणि ओळंबा आहे. तो ठेवण्याचा विचार आमचा नव्हे, मुलीचा. आईंनी करणीला आधी राख लावून घासले, मग ठेवू दिली.

आईंचा पिस्ता रंग मात्र कायम आहे. मधल्या खोलीतली आडभिंत विटांची आहे, बाहेरच्या पावसाशी तिचा थेट संबंध नाही, तेव्हा तिला ऑईलपेंट चालेल, पण पूर्ण वाळल्यावरच. त्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी पट्टीने भिंतीवर चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. आतून घाम धरला तर रंगाचा डबा उघडायचा नाही. पाऊस संपल्यापासून दोनदा चिकटवला, दोन्ही वेळा घाम आला. तिसरा तुकडा काल लावला आहे, आणि आई सकाळी चहाच्या आधी जाऊन त्यावर बोट फिरवून आल्या.