दोन खांबांपलीकडचं जनावर

मिरजेहून किंवा हुबळीहून गोव्याला जाणाऱ्यांना लोंढा माहीत असतं ते जंक्शन म्हणून. गाडी बदलायची, चहा घ्यायचा, डब्यातून ट्रंका काढायच्या नि दुसऱ्या डब्यात चढवायच्या. माझं लोंढा स्टेशनाच्या बाहेर सुरू व्हायचं. माझे काका तिथे रेल्वेच्या लाइनखात्यात होते. सुट्टी लागली की मी बेळगावहून मीटरगेजच्या गाडीत बसायचो आणि देसूर, खानापूर, गुंजी अशी स्टेशनं मोजत त्यांच्या क्वार्टरवर थडकायचो. क्वार्टरच्या मागे कुंपण, आणि कुंपणामागे लगेच रान.

काकांकडे इशापूर कारखान्याची तीनशेपंधरा बोअरची रायफल होती. तेव्हा वनखात्याचा परवाना काढून शिकार करता येत असे. काकांच्या परवान्यावर हंगामाला एका नर सांबराची मुभा होती. या एका जनावराची आमच्या भागात किती नावं! आम्ही सांबर म्हणायचो, गँगमन कडवे म्हणायचे आणि गोव्याकडची माणसं मेरू. परवान्यावर ते इंग्रजीत असायचं, त्यामुळे भांडण मिटलेलं होतं.

काका ट्रॉलीवरून लाइन तपासत फिरायचे. अंतर मोजायची त्यांची फूटपट्टी म्हणजे लाइनीकडेचे तारेचे खांब. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत त्यांची सत्तर पावलं भरत. रानात शिरल्यावरसुद्धा ते मनातल्या मनात खांब रोवत जायचे. ‘तो किंदळ दिसतो ना, दीड खांब.’ मग आम्ही पावलं मोजायचो आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं. त्यांचा एक नियम होता. दोन खांबांच्या आतलं जनावर आपलं, पलीकडचं देवाचं. दोन खांब म्हणजे सव्वाशे यार्डांच्या आतबाहेर. मला तो नियम म्हातारपणाचा वाटायचा. काका तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते.

१९६७ च्या डिसेंबरातली गोष्ट. त्या वर्षांत कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची होती. चीनच्या लढाईनंतर ती सक्ती आली होती. मी फायरिंगमध्ये बक्षीस मिळवून आलो होतो. कागदावरच्या काळ्या वर्तुळात माझ्या गोळ्या एका रुपयाखाली झाकता येतील अशा पडत. हे मी काकूला, शेजाऱ्यांना, स्टेशनवरच्या चहावाल्यालासुद्धा सांगून झालं होतं.

त्या संध्याकाळी काकांना अचानक लाइनीवर जावं लागलं. निघताना त्यांनी रायफल माझ्या हाती दिली आणि सोबत एक गँगमन दिला. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणजे हे नियमात बसत नव्हतंच. गँगमन अळणावरकडचा होता, घरी कन्नड बोलणारा, आणि रानाची त्याला जेवढी माहिती होती तेवढी आम्हा दोघांना मिळून नव्हती. धान कापून झालेल्या खाचरांच्या कडेला आम्ही बसलो. ऊन उतरलं आणि समोरच्या उताराच्या पायथ्याला, खाचरांच्या पार पलीकडे, सांबर बाहेर आलं. नर, पूर्ण वाढलेला. आमच्याकडे कूस करून उभा राहिला आणि कान हलवत राहिला.

मी खांब मोजले. चारावर गेले.

रायफल शंभर यार्डांना बांधलेली होती. दोनशेच्या पुढे गोळी वीतभराहून अधिक खाली उतरते हे मला ठाऊक होतं. तेवढी माशी वर धरायची, एवढंच मी डोक्यात घेतलं. वारा नव्हता. गँगमनने माझ्या दंडाला हात लावला नि म्हणाला, ‘ब्याडो तम्मा, भाळ दूर ऐति.’

आता खरं सांगायचं तर तो तसं म्हणाला नसता तर मी कदाचित बार टाकला नसता. साहेबाच्या पुतण्याला गँगमनने नको म्हणावं, हे कुठेतरी लागलं. मी चाप ओढला.

थप्प असा आवाज पलीकडून आला. ओल्या धोतराचा पिळा दगडावर आपटावा तसा. सांबराची पाठ कमानीसारखी वाकली आणि ते रानात शिरलं. मी आनंदाने उभा राहिलो. गँगमन उठलासुद्धा नाही.

काका रात्री आले. गँगमनने एक पान आणून ठेवलं होतं. काकांनी ते कंदिलाजवळ धरलं, वास घेतला आणि मला दिलं. फुप्फुसातलं रक्त फेसाळ, गुलाबी असतं. हे काळपट होतं आणि त्यात चावलेल्या गवताचा चोथा होता. गोळी पोटात बसली होती. अशा जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं. ते बसतं, तुम्ही गेलात की उठतं आणि कोसभर पळतं. म्हणून रात्रभर थांबलो. झोप कोणाला आली नाही.

दोन दिवस माग काढला. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी ते बसल्याच्या खुणा मिळाल्या, दाबलेलं गवत आणि डाग. जखमी जनावर पाण्याकडे जातं. हेही ओढ्यात उतरलं आणि तिथेच माग तुटला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही काठांनी संध्याकाळपर्यंत चाललो. काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी ट्रॉलीवरून गिधाडं दिसली. तेव्हा आमच्या आभाळात गिधाडं असत. काकांनी ट्रॉली रुळावरून उतरवली आणि आम्ही आत गेलो. कोळसुंद्यांनी मागचा भाग खाल्ला होता. ते जिवंत असतानाच खाल्ला की नंतर, ते मी विचारलं नाही. आजही मला ते कळू नये असंच वाटतं. कूस शाबूत होती. काका उकिडवे बसले आणि गोळीच्या भोकापासून पुढच्या पायामागच्या जागेपर्यंत, जिथे मी नेम धरला होता, तिथपर्यंत वीत टाकली. दीड वीत भरली.

‘उंची बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘नेम चांगला होता तुझा. ते एक पाऊल पुढे टाकलं त्याने.’

घरी येऊन काकांनी परवाना काढला आणि त्यावर एक सांबर मारल्याची नोंद स्वतःच्या सहीने केली. हाती शिंग नाही, मांस नाही, पण त्यांचा त्या हंगामाचा हिशेब संपला. रायफल तेल लावून कपाटात गेली. आजी तेव्हा काकांकडेच असायची. तिला सगळं समजलं होतं. पान वाढताना ती म्हणाली, ‘दशरथाला नुसतं ऐकू आलं होतं रे. तुला तर दिसत होतं.’

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. बरं झालं. काकांनी रायफल त्याच्या कितीतरी आधी विकून टाकली होती. खानापूरच्या रानातला भीमगड आता अभयारण्य आहे, २०११ पासून. हे सगळं मी विसरलो होतो असं नाही, पण कोणी विचारत नव्हतं.

गेल्या दिवाळीत विचारणारा भेटला. बहिणीचा नातू कोलोरॅडोत असतो. तिकडे हरणाच्या शिकारीचे परवाने सोडत काढून देतात, त्याला मिळाला होता. त्याच्या दुर्बिणीत लेझर आहे, अंतर यार्डात दाखवते. गोळी किती उतरेल तेही फोन सांगतो. चारशे यार्डांवर बार टाकावा का, असं त्याने मला विचारलं. मी हसलो. मग त्याला एकच विचारलं, तुझ्या गोळीला तिथवर जायला वेळ किती लागतो? त्याने फोनवर बघून सांगितलं, साधारण अर्धा सेकंद.

माझ्या गोळीलाही त्या संध्याकाळी जवळजवळ तेवढाच लागला असणार. त्यांच्या रायफली सुधारल्या, अंतर वाढलं, पण तो अर्धा सेकंद तिथेच आहे. तेवढ्यात चालतं हरीण हातभर पुढे जातं. उभं असलेलंही कधी माशी झटकायला पाऊल उचलतं. लेझरला हे विचारून उपयोग नाही. मी त्याला सांबराची गोष्ट सांगितली, पानाच्या वासासकट. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं लाइन तुटली.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती. आदल्या दिवशी चारशेदहा यार्डांवर एक नर उभा होता म्हणे, अगदी कूस करून.

‘मग?’

‘मग काय आजोबा, जवळ जायचं ठरवलं. मधे ओढा होता. दीडशेवर पोचलो तर ते डोंगरापलीकडे गेलेलं. बूट मात्र भिजले.’

परवान्याचे अजून दोन दिवस होते. बूट शेकोटीच्या फार जवळ ठेवू नकोस, चामडं तडकतं, एवढं मी त्याला सांगितलं.