मापाची हत्यारं

आमच्या पलूस तालुक्यात बऱ्याच घरांत कुणी ना कुणी टर्नर नाहीतर फिटर निघतोच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना घातला, तेव्हापासून ही विद्या आजूबाजूच्या गावांत झिरपत आली. त्यामुळं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात मी बटाल्याचा जुना लेथ आणून बसवला, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढं, मी मापाची हत्यारं जमवायला लागलो तेव्हा. आण्णा म्हणाले, "लेथ आला, मोटर बसली. आता आणि काय मोजायचं ऱ्हायलंय?"

ऱ्हायलं होतं ते असं. उन्हाळ्यात माझ्याकडं येणारं काम म्हणजे पाण्याच्या मोटरींचं. शाफ्टवरची बेअरिंगची जागा झिजते, बेअरिंग शाफ्टवर फिरायला लागतं, आवाज येतो, आणि एक दिवस मोटर जळते. घाईचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: शाफ्टला पंचानं ठोके मारायचे, उठलेल्या टवक्यांवर बेअरिंग ठोकून बसवायचं आणि पैसे घ्यायचे. ते पंधरा दिवस टिकतं. तेवढ्यात ऊस वाळायला लागलेला असतो. नीट करायचं तर शाफ्टला भर घालून जागा पुन्हा कातायची. पंचवीसचं बेअरिंग असेल तर शाफ्ट पंचवीसचा आणि वर पाच-दहा मायक्रॉन. जास्त झालं तर बेअरिंग आवळतं, कमी झालं तर सैल. डोक्याचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळा खेळ केसाच्या दहाव्या हिश्शाचा. तो डोळ्याला दिसत नाही, पट्टीला कळत नाही. त्याला मायक्रोमीटरच लागतो.

नवा चांगला घ्यायची ऐपत नव्हती, आणि नवा स्वस्तातला घ्यायची छाती नव्हती. राहिला जुना. पुण्याला काही काम निघालं की बुधवार नाहीतर रविवार बघून जायचो आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारायचो. जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर पान्हे, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं आणि त्यांतच कुठंतरी मायक्रोमीटर. जातिवंत हत्यार असं धुळीत बघून जीव हळहळायचा. पण हळहळून भागत नाही. जुनं हत्यार विकत घेणं म्हणजे म्हैस घेण्यासारखं. दावणीला उभी चांगलीच दिसते, पिळून बघितल्याशिवाय कळत नाही.

माझ्या खिशात तेव्हा चार वस्तू असायच्या: स्वच्छ फडकं, कोऱ्या कागदाचा कपटा, बेअरिंगची अर्धा इंची गोळी आणि ६०८ नंबरचं कोरं बेअरिंग. मायक्रोमीटरच्या तोंडात आधी कागद धरून हलकेच ओढून काढायचा, म्हणजे तेलाची घाण निघते. मग मिटवून शून्य बघायचं. शून्य चुकलं असेल तर घाबरायचं नाही, ते चावीनं जुळवता येतं. शून्य बरोबर आहे म्हणून हुरळायचंही नाही. त्याचा स्क्रू एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर सरकतो आणि फिरत्या नळीवर पन्नास रेघा असतात, म्हणून एक रेघ ०.०१ मिलिमीटरची. तो स्क्रू जिथं जास्त वापरला तिथं जास्त झिजतो, म्हणून मधेही तपासावं लागतं. अर्धा इंची गोळी १२.७० दाखवायला हवी. ६०८ च्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास २२.००, कारखान्यातून निघताना त्यात कमी असलं तर फार तर नऊ मायक्रॉन. तीच गोळी तोंडाच्या मधोमध धरून बघायची, मग चारी कडांना. आकडा बदलला तर तोंडं झिजलीत, त्याला चावी नाही. व्हर्नियर मिटवून सूर्याकडं धरायचा. जबड्यांत उजेडाची चीर दिसली की खाली ठेवायचा. डायल गेज दहा वेळा दाबून सोडायचा. काटा दहाही वेळा त्याच रेघेवर परतला पाहिजे. गुण्याची परीक्षा तर आमच्या गावचा गवंडीही करतो. सरळ कडेला लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारायची. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर खोटा.

आणखी एक गोष्ट बघायचो. हत्यारावर कंपनीचा नंबर कोरलेला असतो. तो कुणी घासून काढलेला दिसला की हत्यार कितीही चांगलं असो, मी हात लावत नव्हतो. मापाचं हत्यारच चोरीचं असलं तर त्यानं घेतलेल्या मापावर माझा तरी कसा विश्वास बसणार?

हे सगळं एका दुपारी पणाला लागलं. शेजारच्या गावातले टूलरूममधून रिटायर झालेले एक फिटर वारले होते. मुलगा पुण्याला. भंगारवाला येऊन पेटी उचलून बघून गेला होता आणि लोखंडाच्या भावानं दोनशे रुपये म्हणाला होता. कुणीतरी मला सांगितलं, मी गेलो. काकूंनी पलंगाखालनं पत्र्याची पेटी ओढली. आत फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेले दोन मायक्रोमीटर, व्हर्नियर, स्टँडसह डायल, टेलिस्कोपिक गेज, गुण्या. सगळ्यावर तेलाचा पातळ हात.

"ह्येंनी मला कधी हात लावू दिला न्हाई," काकू म्हणाल्या.

मी एकेक तपासत गेलो. मायक्रोमीटरचा रॅचेट फिरवला तेव्हा त्या म्हणाल्या, "तीनदा टक्‌टक् झालं की थांबायचं. ह्ये असंच करायचे."

व्हर्नियर हातात घेतला आणि माझा हात थांबला. पाठीवर कंपनीचा नंबर होता, स्वच्छ, न घासलेला. मी काही बोललो नाही. पण काकूंच्या नजरेतनं ते सुटलं नाही.

"बघतोस काय? चोरीचं न्हाई त्ये."

"काकू, मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं न्हाईस, पर थांबलास की."

त्या आत गेल्या. रेशनकार्ड आणि सातबारा ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतनं घडी घातलेला पिवळा कागद घेऊन आल्या. कंपनीनं जुनी हत्यारं कामगारांना विकली तेव्हाची पावती, त्याला टाचलेला गेटपास. नंबर तोच. आकडान् आकडा जुळला. नवऱ्याच्या माघारी कुणी बोट दाखवू नये म्हणून त्या बाईनं तो कागद जमिनीच्या कागदांबरोबर जपला होता.

मग मी त्यांना खरं ते सांगितलं. भंगारवाल्याचे दोनशे म्हणजे लूट आहे. ह्यातला प्रत्येक नग नवा केवढ्याला पडतो तेही एकेक करून सांगितलं. टेलिस्कोपिक गेज झिजलाय, तो धरू नका; बाकीच्याचे नव्याच्या निम्म्यानं सहा हजार होतात. माझ्याकडं आज चार आहेत, दोन उसाचं बिल आल्यावर देतो.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. म्हणाल्या, "गुण्या देणार न्हाई. त्याच्यावर नाव हाय." गुण्याच्या जाड अंगावर नवऱ्याचं नाव बारीक अक्षरात कोरलेलं होतं. मी म्हटलं, राहू दे. गुण्याचे पैसे वजा करायला लागलो तर म्हणाल्या, "कर की. मापाचा माणूस हायेस न्हवं?"

बिल आलं, पैसे पोचते केले. तेव्हा त्यांनी तो पिवळा कागदही माझ्या हातात दिला. "माल तिकडं, तर कागद इकडं कशाला?"

आता शेडात मोटर आली की शाफ्ट कातल्यावर लगेच मोजत नाही. कातलेला शाफ्ट गरम असतो. पन्नासचा शाफ्ट तीस अंशानं तापला तर सतरा मायक्रॉन फुगतो, आणि थंड झाल्यावर तेवढाच उणा भरतो. शेतकरी उंबऱ्यावर बसून घाई करतो, "झालं का रं, रातची लाईट हाय." मी त्याला चहा देतो. शाफ्ट गार होईपर्यंत मायक्रोमीटर पुसून, ६०८ चं बेअरिंग एकदा मोजून घेतो. व्हर्नियर त्याच फ्लॅनेलमध्ये असतो, पेटीच्या झाकणात पावती आणि गेटपास. उद्या ही पेटी माझ्याकडून कुणी घेतली, तर नंबर बघून तोही थांबेल. त्याला दाखवायला कागद असला पाहिजे.