सेरेंगेटी की मासाई मारा?

आफ्रिकेतील जनावरांचे मोठे स्थलांतर बघायला जायचे, तर टांझानियातील सेरेंगेटीत जावे की केनियातील मासाई मारात, हा वाद गेले चार महिने आमच्या घरात चालला आहे. कारकुनाच्या घरात आफ्रिकेच्या सहलीची चर्चा, हे वाचून काही वाचकांना हसू येईल. पण कारण साधे आहे. ताईचा मुलगा तीन वर्षांपासून नैरोबीला एका कंपनीत हिशेबनीस आहे. "मामा, तिकिटांचे तुम्ही बघा, इथले राहणे-जेवणे माझ्याकडे," असा त्याचा आग्रह. आम्ही उभयतांनी पतपेढीत सहा वर्षे भरलेली आवर्त ठेव यंदा सुटते. मुलगी कॉलेजात गेली. तेव्हा आयुष्यात एकदा जायचे, हे ठरले. कुठे आणि कधी, एवढेच बाकी होते, आणि तेच अवघड निघाले.

वाइल्डबीस्ट नावाचे हे जनावर दिसायला बैलासारखे, पण कुळ हरणाचे. तोंड लांबोडके, दाढी बोकडाची, शेपूट घोड्याचे. पुस्तकांतून त्यांची संख्या 13 लाखांच्या आसपास दिलेली असते. 2025 साली उपग्रहाच्या छायाचित्रांवरून झालेल्या मोजणीत मात्र ती 6 लाखांच्या आत भरली. सोबत लाखो झेब्रे आणि हरणे असतात. पाऊस पडेल तिकडे गवत, आणि गवत असेल तिकडे कळप, असे हे चक्र वर्षभर फिरत राहते. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचे, तर मासाई मारा 1,510 चौरस किलोमीटरचे. दोन्ही एकमेकांना लागून आहेत, रान एकच आहे. मध्ये फक्त देशाची हद्द आहे.

म्हणजे प्रश्न जागेचा वाटला तरी आधी महिन्याचा असतो. जानेवारी ते मार्च कळप दक्षिणेला, नदुतूच्या आखूड गवताच्या माळावर असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे गवतात चुना आणि फॉस्फरस भरपूर, आणि ओल्या माद्यांना नेमके तेच लागते. फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांत 4 ते 5 लाख वासरे जन्मतात. सगळ्या जणी एकाच वेळी वितात, म्हणून सिंह-तरसांनी किती खाल्ली तरी बहुतेक वासरे वाचतात. पिल्लू काही मिनिटांत उभे राहते आणि आईमागे पळू लागते. हे वाचल्यापासून आमच्या सौ.ने फेब्रुवारीचाच धोशा लावला.

मुलीचे मत वेगळे. तिला मारा नदी बघायची आहे. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात कळप वायव्येकडे सरकतात, जूनमध्ये ग्रुमेती नदीवर येतात आणि साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतात. हजारो जनावरे दरडीवरून नदीत उड्या घेतात, खाली मगरी टपलेल्या असतात. टीव्हीवर दिसते ते हेच. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दरवर्षी सरासरी 6,250 वाइल्डबीस्ट या नदीत बुडून मरतात, असा हिशेब मांडला होता. मगरींच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. बाकीचे गिधाडांना, मासळीला जाते आणि हाडे वर्षानुवर्षे पाण्यात खत होऊन राहतात. आम्ही बी.कॉम. झालेले, त्यामुळे हा जमाखर्च आम्हाला फार आवडला.

नदी ओलांडण्याचा दिवस कोणी सांगू शकत नाही. कळप काठावर येऊन तीन-तीन तास उभे राहतात आणि परतही जातात. त्यात गाड्यांची गर्दी. जुलै 2025 मध्ये सेरेंगेटीच्या उत्तरेला पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिले आणि जनावरांची वाटच अडली. ते चित्रीकरण जगभर बघितले गेले. एवढा खर्च करून गाड्यांचीच जत्रा बघायची, हे आम्हाला पटणारे नाही.

आता आमचे महिने बघा. फेब्रुवारी-मार्च म्हणजे कचेरीत वर्षअखेर, रजा मिळणे अशक्य. मेमध्ये रजा मिळते, पण तेव्हा तिकडे पावसाने रस्ते चिखलात जातात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते आणि आठवड्यातले दोन दिवस ते आमच्याकडे आहे. अशोक विजयादशमीला मंडळाची बस घेऊन दीक्षाभूमीला जायचे. पावसात हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहावे, असा नियम झाला. तिकडे नेमकी गवतासाठीच लाखो पायांची चाल सुरू असते. असो.

पैशाचे गणितही सोपे नाही. मासाई मारात परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी 2024 पासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर प्रवेश पडतो. आम्ही तिघे, तीन दिवस धरले तर 1,800 डॉलर. आपल्या रुपयांत दीड लाखाच्या वर, तेही नुसते दारावर. सेरेंगेटीचा दर याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण नैरोबीहून मारा नारोकमार्गे पाच-सहा तासांत येते. सेरेंगेटीसाठी आधी अरुशा गाठायचे आणि तिथून पुन्हा एक दिवस मोडायचा. व्हिसा वेगळा, गाडी वेगळी. दोन्ही एकत्र करावे म्हटले, तर रानातून पलीकडे जाण्याचा मारा-सेरेंगेटीमधला नाका 1977 पासून पर्यटकांना बंद आहे. दोन देशांचे तेव्हा भांडण झाले, ते मिटले, पण नाका काही उघडला नाही. वाइल्डबीस्ट रोज हद्द ओलांडतात. माणसाने मात्र शेकडो किलोमीटरचा वळसा घालायचा.

एवढ्यावर आम्ही सेरेंगेटीकडे झुकत होतो. रान मोठे, गर्दी कमी, दर कमी. पुढच्या वर्षी बिनपगारी रजा काढून फेब्रुवारीत जावे, असेही मनात आले. एका रात्री आम्ही नकाशा पसरून बसलो होतो. आई शेजारी पान लावत होती. तिने विचारले, "एवढं मोकळं रान हाय, मग तितली माणसं कुठं घातली?"

आईचे माहेर धरणात गेले. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना जमिनीला जमीन मिळाली. आमच्या मामांच्या नावावर काहीच नव्हते. गावकीची कामे हाच त्यांचा सातबारा. ते मुंबईला येऊन गोदीत लागले. म्हणून मोकळे रान दाखवले की आईला आधी उठवलेली माणसे दिसतात. तिच्या प्रश्नावर आम्ही महिनाभर वाचत होतो.

सेरेंगेटी हा शब्दच मासाई लोकांच्या भाषेतून आलेला. न संपणारी भूमी, असा त्याचा अर्थ सांगतात. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरे चारत होते. 1951 साली उद्यान झाले आणि 1959 साली, ब्रिटिश अमदानीत, त्यांना तिथून काढून शेजारच्या न्गोरोन्गोरोत पाठवले. तिथे माणसे आणि जनावरे दोघांनीही राहायचे, अशी व्यवस्था ठरली. आता तिथूनही. 2022 पासून न्गोरोन्गोरोतील मासाई कुटुंबांना सुमारे 600 किलोमीटर दूर, म्सोमेरा या गावी हलवले जात आहे. सरकार म्हणते, ते राजीखुशीने जातात. त्याच वर्षी जूनमध्ये जवळच्या लोलिओंदोत 1,500 चौरस किलोमीटर चराऊ रानाला हद्दीचे खांब लावताना गोळीबार झाला, मासाई जखमी झाले, एक पोलीसही मेला आणि अनेक कुटुंबे केनियात पळाली. 2024 साली तर न्गोरोन्गोरोतील गावांची नोंदणीच रद्द करणारा आदेश निघाला. मतदार म्हणूनही आमची नावे काढली, अशी लोकांची तक्रार होती. ऑगस्टमध्ये हजारो मासाई लाल शाली पांघरून पर्यटकांच्या रस्त्यावर बसले आणि न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मताची किंमत बाबासाहेबांनी आपल्याला शिकवली. त्यामुळे ही बातमी आम्ही विहारात वाचून दाखवली. सौ.ला जिथे वासरे बघायची होती, ते नदुतू याच न्गोरोन्गोरोच्या हद्दीवर येते.

जनावरांसाठी माणसे हलवावीच लागतात, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. 1960 च्या दशकाच्या आरंभी सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते, 1970 च्या दशकाच्या अखेरीस ते 13 लाखांवर गेले. कशाने? बुळकांडीने. म्हणजे बुळकांडी गेल्याने. हा रोग आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगला माहीत आहे, गोठेच्या गोठे त्यात बसले. तिकडे गुरांना लस टोचली, रोग आटला आणि रानातली जनावरे वाढली. ती लस टोचून घेणारी गुरे गुराख्यांची होती. 2011 साली हा रोग जगातून संपल्याचे जाहीर झाले.

मग केनिया स्वच्छ आहे का? तसेही नाही. तिथल्या मासाईंना इंग्रजांनी 1904 आणि 1911 च्या करारांनी चांगल्या कुरणांतून उठवून दक्षिणेला ढकलले. पण माराच्या भोवती आज एक वेगळा प्रकार आहे. कन्झर्व्हन्सी म्हणतात त्याला. मासाई कुटुंबे आपापले तुकडे एकत्र करून पर्यटनासाठी भाड्याने देतात आणि एकरावारी भाडे त्यांना मिळते. 2010 साली सुरू झालेली नाबोइशो अशीच, सुमारे 50,000 एकरांची आणि 500 च्या वर जमीनधारकांची. गाड्यांची संख्या बेताची, वाइल्डबीस्ट तिथेही येतात. उणे बाजूही आहे. काही महिने मालकाला आपल्याच रानात गुरे नेता येत नाहीत. आणि सौ.ने लगेच विचारले ते खरे निघाले, कागदावर नावे बहुतेक पुरुषांचीच.

विहारात एका वडीलधाऱ्यांनी सुनावले, "या पैशात दोन मुलांची वर्षाची फी भरली असती." त्यांचे म्हणणे खोटे नाही. ठेवीतला एक हिस्सा दरवर्षीप्रमाणे अभ्यासिकेला दिला आहे, तो कमी केलेला नाही, एवढे त्यांना सांगितले. बाकी, आपल्या मुलीने जग बघू नये, हे आम्हाला मान्य नाही. त्यांचे समाधान झाले, असे मात्र म्हणता येणार नाही.

तेव्हा आता ठरले आहे ते असे. सेरेंगेटी नाही, मारा. वर्षावास संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस. तोवर कळप दक्षिणेकडे परतू लागलेले असतील, त्यामुळे नदीचा देखावा दिसेल याची खात्री नाही. मुलीला हे सांगितले आहे, ती थोडी रुसली आहे. राखीव क्षेत्रात एकच दिवस, 600 डॉलर. एक रात्र कन्झर्व्हन्सीत आणि एक रात्र फाटकाबाहेर मासाईंच्या साध्या तंबूंच्या कॅम्पात. फुग्यातून आकाशात फिरण्याचे माणशी चार-पाचशे डॉलर पडतात, ते पहिल्याच दिवशी खोडून टाकले. कन्झर्व्हन्सीच्या भाड्यातले एकरामागे किती मालकाच्या हातात पडते, हे तिथल्या माणसाला विचारायचे, असे भाच्याला कळवले आहे.

रजेचा अर्ज दिला आहे. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला नसेल तर आपल्याकडे विमानतळावरून थेट विलगीकरणात पाठवतात. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आम्ही तिघे सप्टेंबरमध्ये टोचून घेणार आहोत.